साथ आली तर वृद्धाश्रम कसा सांभाळायचा: बेळगाव सीमाभागातल्या लहान संस्थांसाठी

हा लेख बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात आणि नाक्यापलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजमध्ये लहान वृद्धाश्रम चालवणाऱ्यांसाठी आहे. पंधरा ते चाळीस आजी-आजोबा, एक मोठा हॉल, दोन-तीन खोल्या, मोजक्या सेविका, एक स्वयंपाकीण आणि अधूनमधून येणारे डॉक्टर, एवढाच ज्यांचा संसार आहे त्यांना मोठ्या हॉस्पिटलचे नियम जसेच्या तसे पाळता येत नाहीत. पुढची साथ फ्लूची असो की आणखी कशाची, ती येईल तेव्हा आपली जागा एवढीच असेल आणि माणसंही एवढीच. म्हणून यातली निम्मी कामं आत्ता, शांत दिवसांत करायची आहेत.

कोरोनाच्या सुरुवातीला तीन गोष्टी जगासमोर आल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, कर्कलंड या गावच्या एका शुश्रूषागृहात साथ शिरली. तपासात दिसलं की काही कर्मचारी एकाहून जास्त ठिकाणी काम करत होते आणि अंगात कसर असतानाही कामावर येत होते. त्याच परगण्यातल्या दुसऱ्या एका शुश्रूषागृहात सरसकट सगळ्यांची चाचणी केली, तेव्हा बाधित निघालेल्यांपैकी अर्ध्याहून अधिक जणांना त्या घडीला कसलंच लक्षण नव्हतं. आणि मार्च २०२० मध्ये स्पेनमध्ये निर्जंतुकीकरणाला गेलेल्या जवानांना काही वृद्धाश्रमांत म्हातारी माणसं एकटी पडलेली, काही तर बिछान्यातच मरून पडलेली आढळली. सांभाळणारं कुणी उरलं नव्हतं.

यातून मी एकच निष्कर्ष काढते. रोग सेविकेबरोबर आत येतो, तो सर्वांत आधी सेविकेलाच कळतो, आणि सेविका गेली की आश्रमच कोसळतो. सॅनिटायझरच्या बाटल्या नंतर मोजा. आधी तिचं बघा.

१. सेविकांची सोय

आपल्याकडच्या बहुतेक सेविका खेड्यांतून बसने येतात. अनेकजणी दिवसा आश्रमात आणि रात्री कुणाच्या तरी घरी पेशंट सांभाळायला जातात, कारण एका पगारात भागत नाही. साथीत ‘दुसरीकडे जाऊ नका’ असं सांगणं सोपं आहे, पण त्या दुसऱ्या घरचे पैसे बुडतात त्याचं काय? ते कोण देणार हे विश्वस्तांच्या बैठकीत आत्ताच ठरवा आणि ठराव लिहून ठेवा. साथभत्ता म्हणून वेगळी रक्कम बाजूला काढा, मग ती कितीही लहान असो.

दुसरा ठराव आजारपणाच्या भरपगारी रजेचा. ज्या घरात रजा घेतली की पगार कापतात, तिथे बाई गोळी खाऊन कामावर येते. तिला दोष देऊन उपयोग नाही. ताप, खोकला, अंगदुखी असेल तर फोन करायचा, घरी थांबायचं, आणि पूर्ण पगार मिळायचा, हे तिला साथ येण्याआधी माहीत असलं पाहिजे. स्वयंपाकीण, झाडूवाला, रात्रीचा वॉचमन यांनाही हेच लागू करा. ते यादीतून नेहमी सुटतात.

तिसरं, मुक्कामाच्या पाळ्या. माणसांचे दोन गट करा. एक गट सात किंवा चौदा दिवस आश्रमातच राहील, दुसरा घरी विश्रांती घेईल. आत येणाऱ्या गटाची चाचणी होऊ शकत असेल तर करून घ्या. पण मुक्कामी राहायचं म्हणजे बाईला झोपायला वेगळी खोली, वेगळी न्हाणी, कपाट, मच्छरदाणी हवी. हॉलच्या कोपऱ्यात चटई टाकून दिली तर दुसऱ्या पाळीला ती येणार नाही. तिच्या घरी लहान मुलं असतील, सासू आजारी असेल. घरी महिन्याचा किराणा पोचवा, मोबाईलचं रिचार्ज मारून द्या, रोज संध्याकाळी मुलांशी बोलायला निवांत अर्धा तास द्या.

२५ मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला आणि बस थांबल्या. कामावर यायचं तर वाटेत पोलीस अडवत. फोटो, शिक्का आणि सही असलेलं ओळखपत्र प्रत्येकीला आत्ताच करून द्या. मजकूर कन्नड आणि इंग्रजीत असू द्या. नुसत्या मराठीतलं पत्र चेकपोस्टवर वाचलंच जाईल याचा भरवसा नाही. सीमेपलीकडून येणारी सेविका असेल तर तिची राहायची सोय अलीकडे करा.

याशिवाय राखीव माणसांची यादी हवी. पूर्वी काम सोडून गेलेल्या सेविका, निवृत्त नर्स, सेविकांच्या बहिणी-भावजया यांपैकी पाच-सहाजणींना वर्षातून दोनदा बोलवा आणि उचलून बसवणं, घास भरवणं, डायपर बदलणं, मास्क नीट घालणं-काढणं यांची उजळणी करून घ्या. अर्ध्या सेविका एकाच वेळी आजारी पडल्या तर काय, या प्रश्नाचं उत्तर त्या यादीत असलं पाहिजे.

२. प्रत्येकाचं ‘नेहमीचं’ लिहून ठेवा

म्हाताऱ्या शरीरात आजार तरुणासारखा दिसत नाही. अनेकदा ताप येतच नाही किंवा अगदी कमी येतो. खोकला नसतो. दिसतं काय, तर रोज दोन कप चहा मागणाऱ्या आजी आज चहाला उठल्याच नाहीत. हरिपाठ तोंडपाठ असलेले आजोबा मध्येच अडखळले, दिवसाढवळ्या ‘गाडी किती वाजताची?’ विचारू लागले. कुणी न्हाणीत पडलं. कधी अंथरूण ओलं न करणाऱ्यानं ते ओलं केलं. साथीच्या दिवसांत अचानक झालेला असा बदल हे लक्षण समजायचं, ‘वय झालं’ म्हणून सोडून द्यायचं नाही.

बदल ओळखायचा तर मूळ माहीत हवं. म्हणून शांत दिवसांत सलग आठवडाभर प्रत्येकाचं तापमान, नाडी, ऑक्सिजन, मिनिटाला श्वास किती, भाकरी किती खातात, रात्री किती वेळा उठतात, किती चालतात, कुणाशी काय बोलतात, हे एका पानावर लिहा. एखाद्या आजींचं रोजचं तापमान ९७ असेल, तर ९९ हा त्यांच्यासाठी ताप आहे. ढोबळ नियम असा: तोंडात थर्मामीटर लावून १०० फॅरनहाइटच्या वर गेलं, किंवा त्या व्यक्तीच्या नेहमीच्या आकड्याहून २ अंशांनी वाढलं, तर डॉक्टरांना फोन. कपाळावर धरायच्या बंदुकीवर विसंबू नका. उन्हातून आलेल्याचा आणि पंख्याखाली बसलेल्याचा आकडा ती वेगळाच दाखवते.

याच पानामागे एक फाईल तयार करा. त्यात हवं:

- नाव आधारवर आहे तसंच, वय, रक्तगट, आधारची आणि रेशन कार्डाची झेरॉक्स, आरोग्य योजनेचं कार्ड.
- आजार, चालू गोळ्या नाव आणि मात्रेसह, कशाची अॅलर्जी, आधीचे ईसीजी-रिपोर्ट.
- चष्मा, कवळी, श्रवणयंत्र, काठी यांपैकी काय लागतं.
- कोणती भाषा कळते.
- नातेवाइकांचे दोन फोन नंबर, त्यातला एक तरी जवळपासचा.
- गंभीर झालं तर काय करावं याबद्दल त्यांची स्वतःची इच्छा.

शेवटचा मुद्दा अवघड आहे, पण टाळू नका. व्हेंटिलेटर हवा का, मुलाला कळवायचं का, अंत्यविधी कुठे, हे चांगल्या तब्येतीत, निवांत बसून विचारलं तर बहुतेक आजी-आजोबा स्पष्ट सांगतात. डॉक्टरांच्या समोर विचारा, लिहा, सही किंवा अंगठा घ्या. मत बदललं तर कागदही बदला.

पहिलं पान कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत करा. ॲम्ब्युलन्समधला कर्मचारी, सिव्हिलमधली सिस्टर आणि पलीकडे कोल्हापूरचा डॉक्टर, कुणाच्याही हातात ते पडू शकतं. आजींना फक्त मराठी येत असेल तर ते ठळक लिहा. अनोळखी वॉर्डात कुणी आपल्या भाषेत बोललं नाही की घाबरलेलं म्हातारं माणूस हट्टी आहे, भ्रमिष्ट आहे असा शेरा पडतो आणि खरं दुखणं राहून जातं.

३. जागेची आखणी

हॉलमधल्या खाटांत निदान एक मीटर अंतर ठेवा. जागा अपुरी असेल तर एकाचं डोकं आणि शेजारच्याचे पाय एका बाजूला येतील अशा खाटा लावा. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा, एका बाजूला बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट फॅन बसवा. बेळगावच्या थंडीत आणि खानापूरकडच्या मुसळधार पावसात सगळे खिडक्या बंद करायच्या मागे असतात, आणि बंद हॉल साथीला सर्वांत सोयीचा असतो. म्हणून दारं लावण्यापेक्षा अंगावर जादा घोंगडं द्या, खिडक्यांना जाळी मारा, पावसाची झड येणाऱ्या बाजूला पत्र्याचं छप्पर काढा.

मागच्या दाराजवळची, वेगळा संडास असलेली खोली आजाऱ्यासाठी राखून ठेवा. तिथलं अडगळीचं सामान साथ यायच्या आधी काढायचं. वेगळा संडास नसेल तर कमोड खुर्ची घ्या. ती नसेल तर एकच संडास आजाऱ्यांनी सर्वांत शेवटी वापरायचा आणि लगेच धुवायचा. दुसरी खोली संशयितांसाठी, म्हणजे ज्यांचा रिपोर्ट यायचा आहे त्यांच्यासाठी. रिपोर्ट न आलेल्याला बाधितांच्या खोलीत टाकणं ही फार मोठी चूक आहे. साधा सर्दी-ताप घेऊन गेलेला माणूस तिथून साथ घेऊन उठतो.

४. लस

६० वर्षांवरच्यांचं कोरोना लसीकरण १ मार्च २०२१ ला सुरू झालं. पण अनेक आश्रमांतल्या निराधार माणसांकडे आधारच नव्हतं. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्राने ओळखपत्र नसलेल्यांसाठी, वृद्धाश्रमवासी धरून, वेगळी पद्धत ठरवून दिली आणि घराजवळच्या लसीकरण केंद्रांचीही मुभा दिली. पुढच्या साथीतही असंच होईल: आधी नियम येईल, अपवाद नंतर. म्हणून तालुका आरोग्याधिकाऱ्यांकडे आपल्या आश्रमाची यादी आधीच देऊन ठेवा आणि पथक आश्रमात पाठवण्याची लेखी मागणी करा. दरवर्षीची फ्लूची लस आणि न्यूमोनियाची लस यांबद्दल डॉक्टरांना आत्ताच विचारा. सेविकांनाही फ्लूची लस संस्थेच्या खर्चाने द्या. ज्या बेळगावात, टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत, एके काळी देवीची लस तयार व्हायची, त्या गावात वृद्धाश्रम लसीवाचून राहू नयेत.

५. रोजची पाहणी

साथ जवळपास आली की सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाचं तापमान, ऑक्सिजन, नाडी आणि श्वास मोजायचे. श्वास पूर्ण एक मिनिट, छातीकडे बघून, त्यांना न सांगता मोजा. सांगितलं की माणूस वेगळा श्वास घेतो. मिनिटाला २४ किंवा अधिक श्वास म्हणजे धोका, ३० च्या वर म्हणजे ताबडतोब ॲम्ब्युलन्स.

ऑक्सिमीटर लावण्याआधी पाच मिनिटं शांत बसवा. बोटं गार असतील तर चोळून ऊब द्या, मेंदी किंवा नखपॉलिश असलेलं बोट टाळा, आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबा. ९४ किंवा त्याहून कमी आला तर दुसऱ्या बोटाला लावून पुन्हा बघा, आणि तसाच राहिला तर डॉक्टर. ९० च्या खाली आला तर फोनवर चर्चा करत बसू नका, हॉस्पिटल. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, म्हणून आकडा ९५ आणि माणूस धापा टाकतोय असं असेल तर विश्वास माणसावर ठेवा. उलटंही होतं: कोरोनात कित्येकांचा ऑक्सिजन ८५ पर्यंत उतरला होता आणि ते गप्पा मारत होते. फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांचा आकडा मुळातच कमी असतो. तिथे दुसऱ्या मुद्द्यात सांगितलेलं ‘नेहमीचं’ पान कामाला येतं.

तक्त्यात शेवटचा रकाना ‘आज नेहमीसारखे आहेत का?’ असा ठेवा आणि तो सेविकेनंच भरावा. माझ्या मते सगळ्या आकड्यांपेक्षा हा रकाना जास्त बोलतो. ‘काहीतरी वेगळं वाटतंय, नक्की सांगता येत नाही’ एवढंच ती म्हणाली तरी डॉक्टरांना फोन लावायचा. तिला पुरावा मागायचा नाही.

६. पहिला रुग्ण सापडला: पहिले चोवीस तास

त्या व्यक्तीला मास्क लावून राखीव खोलीत हलवा. तिची खाट जिथे होती त्याच्या आजूबाजूच्या आणि जेवणाच्या पंगतीत शेजारी बसणाऱ्यांच्या नावांची यादी करा. हे सगळे संशयित. त्यांना एकमेकांपासूनही वेगळं ठेवता आलं तर उत्तम.

लगेच प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा शहरात असाल तर महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा. बदनामीच्या भीतीने दोन दिवस दडवून ठेवणारे आश्रम असतात. ते दोन दिवसच महागात पडतात. लक्षणं असोत-नसोत, सगळ्या रहिवाशांची आणि कर्मचाऱ्यांची चाचणी मागा. बेळगावात राष्ट्रीय पारंपरिक औषधी संस्थेत एप्रिल २०२० पासून कोरोनाच्या चाचण्या होऊ लागल्या होत्या, म्हणजे नमुने तपासण्याची सोय इथे उभी राहू शकते. मागणी लेखी करा, पोच घ्या.

आजाऱ्यांकडे एकच सेविका ठरवा. तिने त्या पाळीत स्वयंपाकघरात आणि इतरांकडे जायचं नाही. एकटीच असेल तर आधी निरोगी, मग संशयित, मग आजारी या क्रमानं काम करायचं, उलट कधीच नाही. तिला चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क द्या. झडप असलेला नको.

नातेवाइकांना त्याच दिवशी फोन करा. व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्हे, एकेकाला.

औषधांबाबत दोनच गोष्टी सांगते, कारण त्यांनी फार नुकसान केलं. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. ब्रुफेन, डायक्लोफेनॅक स्वतःच्या मनानं देऊ नका, म्हाताऱ्या मूत्रपिंडाला ती झेपत नाहीत. आणि स्टेरॉइड शेजारच्या आश्रमात दिलं म्हणून द्यायचं नाही. कोरोनात ऑक्सिजनची गरज पडलेल्यांनाच त्याचा फायदा दिसला. ऑक्सिजन नीट असताना घेतलं तर फायदा नाही, साखर मात्र भडकते. २०२१ च्या लाटेत काळ्या बुरशीने किती मधुमेही गेले ते सगळ्यांना आठवत असेल. मधुमेह असलेला माणूस जेवत नसेल तर नेहमीची गोळी-इन्सुलिन तसंच चालू ठेवणंही जिवावर बेततं. त्या दिवशी साखर तपासा आणि डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवा.

७. हॉस्पिटल, ॲम्ब्युलन्स आणि मधली सीमा

१०८ हा नंबर दोन्ही राज्यांत चालतो. सीमेलगतच्या गावात मात्र मोबाईल कधी पलीकडच्या टॉवरला लागतो आणि फोन दुसऱ्या राज्याच्या कक्षात जाऊ शकतो. म्हणून पहिल्याच वाक्यात राज्य, जिल्हा, तालुका, गाव सांगा. दोन खासगी ॲम्ब्युलन्सचे नंबर दारामागे लिहून ठेवा. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाईन १४५६७ आहे, ती सकाळी आठ ते रात्री आठ चालते. रात्रीच्या वेळी तिच्यावर अवलंबून राहू नका.

कुठे न्यायचं हे आधी ठरवा: पहिली पसंती, दुसरी, तिसरी. बेळगावच्या सिव्हिलला, म्हणजे बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या जिल्हा रुग्णालयाला, एक भेट देऊन प्रवेशाची पद्धत समजून घ्या. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २० प्रमाणे सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी शक्य तितक्या खाटा आणि वेगळी रांग असायला हवी. भांडण्यासाठी नव्हे, पण विनंती करताना हे कलम माहीत असलेलं बरं.

२०२१ मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे कर्नाटकाने ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर रिपोर्ट मागितला तेव्हा कोगनोळी नाक्यावर लागलेल्या रांगा निपाणीकरांनी पाहिल्या आहेत. कोल्हापूरला नेऊ म्हणून विसंबून राहिलेला आश्रम अशा दिवसांत अडकतो. म्हणून पहिली पसंती आपल्याच राज्यातली ठेवा आणि पलीकडची दुसरी. पलीकडे न्यायचंच झालं तर डॉक्टरांचं रेफर पत्र, तिकडच्या हॉस्पिटलने खाट असल्याचा दिलेला व्हॉट्सॲप निरोप आणि रुग्णाची फाईल चालकाच्या हातात हवी.

योजनेच्या कार्डांचा गोंधळ इथे सर्वांत जास्त. आजी आश्रमात बेळगावात, आधारवर पत्ता चंदगडचा, रेशन कार्ड मुलाकडे पुण्यात, हे चित्र नेहमीचं. कर्नाटकाच्या योजनेला कर्नाटकातलं कार्ड लागतं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, पण तिचा लाभ ठरलेल्या रुग्णालयांतच मिळतो आणि गावाचं नाव यादीत असावं लागतं. प्रत्येकाच्या फाईलवर पेन्सिलने लिहून ठेवा: ही योजना, हे हॉस्पिटल, हा कागद कमी. कमी असलेला कागद याच महिन्यात करून घ्या. रात्री दोन वाजता, दम लागलेला असताना पत्त्याचा पुरावा शोधायची वेळ येऊ नये.

रुग्णाबरोबर पिशवी द्या: फाईल, तीन दिवसांच्या गोळ्या, चष्मा, कवळीची डबी, श्रवणयंत्र व सेल, चार्जरसह साधा फोन, त्यात आश्रमाचा नंबर पहिल्या बटणावर. कवळीवाचून जेवता येत नाही आणि श्रवणयंत्रावाचून डॉक्टरांचं ऐकू येत नाही. या दोन वस्तू वॉर्डात हरवतात, म्हणून डबीवर नाव चिकटवा.

८. ऑक्सिजन आश्रमात ठेवायचा का?

खाट मिळेपर्यंतचे काही तास काढायला ठेवावा, उपचार म्हणून नव्हे. मिनिटाला पाच लिटर देणारा कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र, लहान आश्रमाला पुरतो, पण त्याला अखंड वीज लागते, आणि पावसाळ्यात हेस्कॉमची लाईन किती वेळ जाते ते खानापूर तालुक्याला सांगायला नको. घरगुती इन्व्हर्टरवर तो किती वेळ चालतो ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. सोबत एक सिलिंडर हवाच. बी टाईप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो, म्हणजे मिनिटाला ५ लिटरने पाच तास. मोठ्या डी टाईपमध्ये सुमारे ७००० लिटर, म्हणजे त्याच वेगाने तेवीस तासांच्या आसपास. भरून मिळण्याचं ठिकाण आणि अंतर यांचा हिशोब याच आकड्यांवर करा.

किती लिटर द्यायचा ते डॉक्टर सांगतील. फुप्फुसाचा जुना आजार असलेल्याला जास्त ऑक्सिजन देणं घातक ठरतं. ज्या खोलीत ऑक्सिजन चालू आहे तिथे निरंजन, उदबत्ती, कापूर, काडेपेटी काही नको. देवाचा फोटो भिंतीवर राहू दे, दिवा बाहेरच्या ओट्यावर लावा.

९. सफाई आणि कचरा

ब्लीचिंग पावडर स्वस्त आणि पुरेशी आहे. चांगल्या पावडरीत ३० ते ३३ टक्के क्लोरीन असतं. एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम टाकली की १ टक्क्याचं द्रावण होतं, १५ ग्रॅमचं अर्ध्या टक्क्याचं. संडास आणि आजाऱ्याची खोली १ टक्क्याने, बाकी फरशी अर्ध्या टक्क्याने. आधी साबणाने धुवा, मग द्रावण लावून दहा मिनिटं राहू द्या. रोज ताजं करा. ॲसिड, फिनाईल किंवा संडास धुवायच्या दुसऱ्या कुठल्याही औषधात मिसळू नका, विषारी वायू होतो. माणसांवर फवारू नका. काठ्या, वॉकर, दाराच्या कड्या, ऑक्सिमीटर दिवसातून दोनदा स्पिरिटने पुसा.

आजाऱ्याचे डायपर, मास्क, हातमोजे पिवळ्या पिशवीत, आणि ती नेण्याची व्यवस्था जवळच्या हॉस्पिटलमार्फत आधीच बोलून ठेवा. निरोग्यांचे मास्क कापून कागदी पिशवीत ७२ तास ठेवून मग साध्या कचऱ्यात टाका.

१०. अन्न, दान, साठा

आपल्याकडे आश्रमाचं निम्मं जेवण वाढदिवस आणि पुण्यतिथीवर चालतं. लोक घरून जेवण आणतात, हातानं वाढतात, फोटो काढतात. साथीत हे थांबतं आणि चूलही अडते. दात्यांना आधीपासून सांगा की त्या दिवसाची रक्कम बँकेत भरा किंवा तांदूळ, ज्वारी, डाळ, तेल पोत्यानं द्या. तिथीला त्यांचं नाव घेऊन पंगत बसेल आणि आजी-आजोबा व्हिडिओ कॉलवर आशीर्वाद देतील. त्यांची श्रद्धा तुटू देऊ नका.

किराणा, गोळ्या, डायपर, इन्सुलिन यांचा महिन्याभराचा साठा कायम असू द्या. इन्सुलिन फ्रिजच्या दारात नको, मधल्या फळीवर ठेवा. आजाऱ्यांना नाचणीची आंबील, मऊ भात, मुगाचं कढण, ताक, असं थोडं थोडं दर दोन तासांनी द्या, नेहमी उठवून बसवून. झोपवून पाजलं तर ठसका लागून तेच फुप्फुसात जातं. म्हाताऱ्यांना तहान कळत नाही, म्हणून पाण्याचे पेले मोजा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला पाण्याची मर्यादा डॉक्टरांना विचारा. अंथरुणाला खिळलेल्यांना दर दोन तासांनी कूस बदलून द्या. आजारपणाच्या धांदलीत नेमकं हेच राहतं आणि पाठीला जखमा होतात.

११. भेटी आणि एकटेपण

भेटी बंद करणं सर्वांत सोपं, म्हणून सगळे तेच करतात, आणि महिनोन्महिने करत राहतात. माझा याला विरोध आहे. बंदी लागलीच तर तिची मुदत ठरवा, दर पंधरवड्याला फेरविचार करा. अंगणात, मोकळ्या हवेत, दोन मीटर अंतरावरून, मास्क लावून, वेळ ठरवून भेट होऊ शकते. पावसात खिडकीच्या आत-बाहेर बसून फोनवर बोलता येतं. आणि ज्यांचा शेवट जवळ आलाय त्यांना त्यांचं एक तरी माणूस भेटलंच पाहिजे. मास्क, झगा देऊन, पंधरा मिनिटं का होईना.

भजन बंद करू नका, हॉलबाहेर काढा. बंद खोलीत एकत्र गाण्यानं संसर्ग पसरतो, अंगणात खुर्च्या लांब लांब मांडून हरिपाठ म्हणायला हरकत नाही.

विस्मरण झालेल्यांना मास्क आणि अंतर समजावून सांगता येत नाही. त्यांना बांधून किंवा कोंडून ठेवू नका. ओळखीची एकच सेविका त्यांच्याबरोबर ठेवा आणि फिरायला सुरक्षित पडवी मोकळी करून द्या. सेविकेनं आपला मास्कविना फोटो गळ्यात अडकवला तर घाबरणं कमी होतं.

१२. मृत्यू झाला तर

डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्या, नातेवाइकांना कळवा, आरोग्य विभागाचे त्या वेळचे नियम विचारा. नातेवाईक पलीकडे अडकले असतील तर अंत्यविधी कुणी करायचा याची लेखी संमती फोनवरच्या निरोपाने घ्या आणि आधी नोंदवलेली इच्छा पाळा. विधीचा व्हिडिओ त्यांना दाखवा. खोलीतल्या बाकीच्यांपासून मृत्यू लपवू नका. रिकामी खाट त्यांना दिसतेच. दुसऱ्या दिवशी त्या व्यक्तीचं नाव घेऊन दोन मिनिटं सगळ्यांनी बसावं. सेविकांनाही रडायला जागा हवी, कारण मुलगा दूर असताना शेवटचा घास बहुतेक वेळा त्यांनीच भरवलेला असतो.

१३. साथ ओसरल्यावर

शेवटच्या रुग्णानंतर आरोग्य विभाग सांगेल तेवढे दिवस, कोरोनाच्या वेळी निदान चौदा, बंधनं चालू ठेवा. मग नवीन प्रवेश सुरू करा, पण पोलिसांनी बसस्टँडवरून आणून सोडलेल्या निराधाराला दार बंद ठेवू नका. त्याच्यासाठी तीच राखीव खोली आहे.

प्रत्येकाचं वजन करा आणि जुन्या पानाशी ताडून पहा. जे वाळले आहेत त्यांना अंडं, दूध, उसळ वाढवा. जे अंथरुणाला टेकले आहेत त्यांना आधी खाटेच्या कडेला बसवा, मग उभं करा, मग पडवीपर्यंत न्या. महिना-दीड महिना लागतो, घाई केली तर पडतात. सेविकांना आळीपाळीने भरपगारी सुट्टी द्या, राहिलेला साथभत्ता त्याच महिन्यात चुकता करा, आणि त्यांना बसवून विचारा की काय कमी पडलं. त्यांनी सांगितलेलं तिथल्या तिथे लिहून घ्या आणि पुढच्या विश्वस्त बैठकीच्या विषयपत्रिकेवर पहिल्या क्रमांकाला ठेवा.